यादी लागेपर्यंत



चालकांचे निमंत्रण आले तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, विद्यापीठाच्या प्रवेशाविषयी बोलायला विद्यापीठात गेलेला माणूस बोलवा. माझे शालेय शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात." त्यावर ते म्हणाले, "प्रवेशाविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. तुम्ही वाट पाहण्याविषयी बोला." यावर मात्र मला उत्तर सुचेना. कारण वाट पाहणे हा माझा निम्मा धंदाच आहे. बोलणी केव्हा सुरू होणार, कराराला मालकाची सही केव्हा होणार, औद्योगिक न्यायालयाची तारीख केव्हा लागणार, याची वाट पाहत कारखान्यांच्या फाटकांबाहेर माझी तीस वर्षे गेली आहेत. त्या शिदोरीवरच मी आज येथे उभा आहे.

ही व्याख्याने वैशाखात होतात, आणि याच दिवसांत आपल्या गावातल्या किती तरी घरांत एक मूल असे असते की ज्याची परीक्षा संपली आहे आणि शिक्षा चालू आहे. ते जेवते, पण जेवणात लक्ष नसते. रात्री उशिरापर्यंत मोबाईलचा उजेड त्याच्या तोंडावर पडलेला दिसतो. आपण म्हणतो, "आता सुट्टीच आहे की, मजा कर." पण त्याला सुट्टी कुठली? पेपर देऊन झाला की पूर्वी निकालाची एक वाट पाहावी लागे. आता पेपरानंतर उत्तरतालिका, तिच्यावरच्या हरकती, मग निकाल आणि पर्सेंटाइल, मग तात्पुरती गुणवत्ता यादी, तिच्यावर पुन्हा हरकती, मग अंतिम यादी, मग पसंतीक्रमाचा अर्ज, आणि त्यानंतर पहिली फेरी, दुसरी फेरी, तिसरी फेरी. 2025 साली आपल्या राज्यात अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेशाच्या चार फेऱ्या ठेवण्यात आल्या. जिन्याला जितक्या पायऱ्या, तितके श्वास रोखून उभे राहणे आले.

आणि हे सारे सुरळीत चालले तर! 2024 साली वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेचे काय झाले ते आपणांस आठवत असेल. परीक्षा 5 मे रोजी झाली. सुमारे 23 लाख मुले तिला बसली, आणि त्या वेळी देशात एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या थोड्या वर होत्या. निकाल 14 जूनला लागावयाचा, तो 4 जूनलाच लागला. तो पाहतो तो 67 मुलांना पैकीच्या पैकी गुण! मग वाढीव गुणांचा वाद, 1563 मुलांचे वाढीव गुण रद्द, 23 जूनला त्यांच्यासाठी फेरपरीक्षा, प्रश्नपत्रिका फुटल्याची चौकशी, सर्वोच्च न्यायालयातील दावे. सबंध परीक्षाच रद्द होणार की काय, या टांगणीवर 23 लाख घरे लटकली होती. 23 जुलैला न्यायालयाने परीक्षा रद्द करण्यास नकार दिला, 26 जुलैला सुधारित निकाल लागला, आणि अखिल भारतीय प्रवेशफेरीची नोंदणी सुरू झाली ती 14 ऑगस्टला. पेपर दिल्यापासून शंभराहून अधिक दिवस! एवढ्या दिवसांत आमच्याकडे एखादा संप उभा राहतो, मोडतो आणि लोक कामावरही जातात.

वाट पाहण्याने माणसाचे काय होते, याचा अभ्यास विद्वानांनी केला आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी 2016 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. 45 माणसांना संगणकावर एक खेळ खेळायला दिला. पडद्यावर दगड, दगडाखाली कधी साप असे, कधी नसे. साप निघाला की हाताला विजेचा बारीक झटका बसे. तेव्हा असे दिसून आले की, झटका बसणारच हे पक्के ठाऊक असले तर माणसाला जेवढा ताण येतो, त्याहून अधिक ताण बसेल की नाही हे निम्मेनिम्म असताना येतो. ध्यानात घ्या, खात्रीच्या दुःखापेक्षा अधांतरी आशा शरीराला जड जाते. ज्याला नव्वदावर टक्के मिळाले आणि ज्याने प्रवेशाचा नादच सोडला, ते दोघेही तुलनेने स्वस्थ झोपतात. झोप उडते ती यादीच्या कडेवर बसलेल्या मुलाची.

अमेरिकेत केट स्वीनी नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी वकिलीची परीक्षा दिलेल्या तरुणांचा अभ्यास केला. कॅलिफोर्निया राज्यात त्यांना निकालासाठी चार महिने थांबावे लागे. या तरुणांनी मन रमवण्याचे, चिंता दाबण्याचे नाना उपाय केले. त्यांनी ताण फारसा हटला नाही. परंतु एक चमत्कारिक गोष्ट आढळली. ज्यांनी वाईटाची थोडी तयारी मनाशी करून ठेवली होती, ज्यांनी काळजी केली होती, ते निकाल वाईट लागला तेव्हा लवकर सावरले, आणि चांगला लागला तेव्हा अधिक हरखले. तेव्हा बंधुभगिनींनो, "काळजी कशाला करतोस, चांगलाच विचार कर" हा जो उपदेश आपण मुलांना उठताबसता करतो, तो जरा आवरता घेतला पाहिजे. काळजी करणारे मूल दुबळे नसते. ते आपल्या परीने पावसाआधी छप्पर शाकारीत असते.

आता माझ्या धंद्याकडे वळतो. मुंबईच्या कापड गिरण्यांत 'बदली' नावाचा कामगार असे. त्याला कायम नोकरी नाही. रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहावयाचे. कोणी गैरहजर राहिला तर त्याच्या जागी आत जावयाचे, नाही तर डबा तसाच घेऊन घरी परतावयाचे. आधीच्या काळात कोणाला आत घ्यावयाचे हे जॉबर ठरवी. जो त्याच्या गावचा, जो त्याचा हात ओला करी, तो आत जाई. 1935 साली मुंबईत बदली कामगारांसाठी कार्डाची पद्धत सुरू झाली. ज्याच्यापाशी कार्ड, त्याचा हक्क आधी. वाट पाहणे संपले नाही, पण ते जॉबरच्या मर्जीतून निघून निदान एका नियमाखाली आले. गिरणगावातील जुन्या माणसांच्या तोंडून मी हे ऐकले तेव्हा मला कळले की, यादी ही गरिबाची वैरीण नव्हे. यादी नसते तेव्हा जॉबर असतो.

शिक्षणाच्या दारातही असे जॉबर होतेच. 1983 सालापासून महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली आणि देणगीचा बाजार बोकाळला, इतका की ती बंद करण्यासाठी 1987 चा कायदा करावा लागला. पुढे केंद्रीय प्रवेश आला, गुणांनुसार यादी आली. 2009 साली मुंबईत अकरावीचा प्रवेशही ऑनलाइन झाला. त्या यंत्राला आज आपण सर्व्हर बंद पडला म्हणून शिव्या देतो, आणि त्या रास्तही असतात. पण ज्याचा मामा संस्थाचालक नाही अशा मुलाचे नाव मामाच्या भाच्याच्या वर लागू शकते, ते या यादीमुळेच. म्हणून यादी मोडा असे मी म्हणत नाही. यादी वेळेवर लावा आणि उघडपणे लावा, एवढेच माझे मागणे आहे.

वेळेवर का, ते सांगतो. 1986 साली मी दहावी झालो. एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटरच्या कोर्ससाठी अर्ज केला. प्रतीक्षायादीत माझे नाव अकरावे लागले. "जागा रिकामी झाली की कार्ड टाकू," असे खिडकीतल्या माणसाने सांगितले. वडिलांची गिरणी 1982 च्या संपानंतर पुन्हा धड चाललीच नव्हती. मी तीन आठवडे चाळीच्या जिन्यात पोस्टमनची वाट पाहिली. चौथ्या आठवड्यात एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो. त्यानंतर कार्ड आले. त्यावर हजर होण्याची जी तारीख होती ती उलटून चार दिवस झाले होते. मी कार्ड घेऊन गेलो; जागा बाराव्या मुलाला दिली होती. त्याच्यावर माझा राग नाही. तोही माझ्यासारखाच कोणाच्या तरी जिन्यात बसला असेल. पण एक गोष्ट मनात रुतली: नकार मिळाला असता तर मी तो पचवला असता. मला मिळाला तो होकार होता, आणि तो शिळा होता.

उशीर म्हणजे मोठा अन्याय नव्हे, असे ज्यांना वाटते त्यांनी 2017 साल आठवावे. मुंबई विद्यापीठाने त्या वर्षी उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत पुरेशा तयारीवाचून आणली. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, 2016 असे सांगतो की निकाल तीस दिवसांत, आणि कोणत्याही परिस्थितीत पंचेचाळीस दिवसांत लागला पाहिजे. कुलपतींनी 31 जुलैची मुदत घातली, तीही टळली. ज्यांना पुढच्या अभ्यासक्रमासाठी दुसऱ्या विद्यापीठांत, परदेशांत जावयाचे होते, ती मुले गुणपत्रिकेवाचून अडकली. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून जावे लागले. एका माणसाचे पद गेले. पण त्या मुलांचे गेलेले महिने कोणी परत केले नाहीत.

आणि ही वाट सर्वांना सारखी जड नसते. ज्याच्या बापाची ऐपत आहे तो व्यवस्थापन कोट्यातील एक जागा आधीच धरून ठेवतो आणि मग शांतपणे फेऱ्या पाहतो. त्याच्या दृष्टीने यादी म्हणजे जमली तर बढती. ज्याची आई धुणीभांडी करते तिच्या मुलासाठी यादी म्हणजे सर्वस्व. शिवाय त्याच्या वाटेच्या आत आणखी वाटा असतात. जातपडताळणीचा दाखला आला का? उत्पन्नाचा दाखला तहसिलीत कोणाच्या टेबलावर आहे? यादीत नाव लागले तर दोन दिवसांत फीचे पैसे कोठून उभे करावयाचे? पोशिंद्यावर जसा व्याजाचा बोजा, तसा गरिबावर वाट पाहण्याचा बोजा. तो कोणाच्या हिशेबवहीत दिसत नाही, एवढेच.

मग करावयाचे काय? आधी घरातले सांगतो, कारण तेथे मीच चुकलो आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका छोट्या इंजिनिअरिंग कारखान्यात टाळेबंदी झाली. चौदा आठवडे चालली. आम्ही रोज संध्याकाळी पाच वाजता फाटकावर सभा घेत असू. बातमी असो वा नसो, पाच वाजता सभा. एके दिवशी सांगण्यासारखे काही नव्हते म्हणून मी सभा घेतली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आवई उठली की मालक यंत्रे विकून गाव सोडणार. आणि अकरा जणांनी घाबरून आपापला हिशेब घेतला. बातमी खोटी होती. त्या अकरा जणांच्या नोकऱ्या मात्र खऱ्या होत्या. तेव्हापासून मी शिकलो की "आज काही बातमी नाही" ही सुद्धा एक बातमी आहे, आणि ती ठरल्या वेळी द्यावी लागते. मोकळ्या जागेत मौन राहिले की तेथे भुते वस्तीला येतात.

एवढे शहाणपण फाटकावर शिकवणारा मी, आणि 2023 साली माझी मुलगी अभियांत्रिकीच्या यादीची वाट पाहत होती तेव्हा दिवसातून दहा वेळा विचारी, "लागली का गं?" सकाळी चहाच्या वेळी विचारी, कचेरीतून फोन करून विचारी. एके रात्री ती म्हणाली, "बाबा, तुम्ही विचारता ना, तेव्हा मला वाटतं, मीच काहीतरी लपवून ठेवलंय." मी गप्प झालो. चौदा आठवडे तीनशे माणसांचा धीर सांभाळणाऱ्याला घरातल्या एका पोरीचा धीर सांभाळता आला नव्हता. कारण उघड होते: फाटकावर मी त्यांच्यासाठी उभा होतो, आणि घरात मी माझी स्वतःची भीती तिच्या हाती देत होतो. 1986 चे ते कार्ड मी तिच्याकडून वसूल करू पाहत होतो.

त्या रात्री आम्ही ठरवले की रोज रात्री आठ वाजता एकदाच पोर्टल उघडावयाचे, सर्वांनी मिळून पाहावयाचे, आणि मग उद्या आठपर्यंत त्या विषयाचे नाव काढावयाचे नाही. आधल्या वेळात तिने माझ्या कचेरीतील सभासदांची वही संगणकावर चढवली. काम असे हवे की ज्यात मन गुंतून राहील आणि संध्याकाळी काहीतरी झालेले दिसेल. स्वीनीबाईंच्या पुढच्या अभ्यासातही हेच आले आहे. तिला तिसऱ्या यादीत महाविद्यालय मिळाले, ते तिने पाचव्या क्रमांकावर लिहिलेले होते. ती तेथे शिकते आहे आणि तिचे बरे चालले आहे.

दुसरे, पसंतीक्रमाच्या अर्जाविषयी. 1962 साली डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी महाविद्यालयीन प्रवेशावर एक निबंध लिहिला. त्याची सुरुवातच प्रतीक्षायादीच्या गोंधळापासून आहे: एका ठिकाणी हो म्हटले आहे, दुसऱ्या आवडत्या ठिकाणी प्रतीक्षेत नाव आहे, आता विद्यार्थ्याने करावे काय? त्यांनी रीत सांगितली ती अशी. प्रत्येक मुलाने आधी आपल्या पहिल्या पसंतीकडे जावे. महाविद्यालयाने आपल्या जागांइतकी वरची मुले तात्पुरती धरून ठेवावी, उरलेल्यांना सोडावे. सुटलेल्यांनी दुसऱ्या पसंतीकडे जावे. तेथे अधिक गुणांचे मूल आले तर आधी धरलेल्याने जागा सोडावी. कोणी हलावयाचे उरले नाही की मगच यादी पक्की. या रीतीत मनातला खरा क्रम लिहिणाऱ्याचे नुकसान होत नाही, हे गणिताने सिद्ध झाले आहे. याच शाखेच्या कामासाठी शॅप्ली आणि आल्विन रॉथ यांना 2012 साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या फेऱ्या हुबेहूब अशा नाहीत. 2025 च्या नियमांत पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर तीच पक्की, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी मिळाले तर तेच पक्के, तिसरीत पहिल्या सहांपैकी, असे होते. म्हणून नियम दर वर्षी नव्याने वाचावे, भीतीपोटी नावडते वर लिहू नये, आणि ज्या महाविद्यालयात पाऊल टाकावयाचे नाही त्याचे नाव केवळ रकाना भरण्यासाठी लिहू नये. करारावर न वाचता सही करणारा कामगार आणि न वाचता अर्ज भरणारा विद्यार्थी, दोघांचे नशीब सारखे.

कागदांविषयीही एक सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 सालीच बजावले आहे की संस्थेने विद्यार्थ्याची मूळ कागदपत्रे अडवून ठेवू नयेत. 2024 साली आयोगाने 30 सप्टेंबरपर्यंत प्रवेश सोडणाऱ्याला पूर्ण फी परत करण्यास सांगितले होते. अशी परिपत्रके दर वर्षी पाहून घ्यावी आणि खिडकीवर दाखवावी. हक्क ठाऊक असलेल्या माणसाशी खिडकीतला माणूस वेगळ्या आवाजात बोलतो, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे.

आता मागण्या. मागणीपत्रावाचून मी भाषण संपवले तर आमचे सभासद मला कचेरीत घेणार नाहीत. मागण्या तीनच आहेत. पहिली, तारीख. प्रत्येक टप्प्याची तारीख आधी जाहीर व्हावी. ती टळणार असेल तर टळण्यापूर्वी सांगावे, आणि नवी तारीख द्यावी. 'लवकरच' हा शब्द सरकारी संकेतस्थळावरून हद्दपार व्हावा. दुसरी, कारण. नाव का लागले नाही, कितव्या क्रमांकावर यादी थांबली, हे प्रत्येकाला दिसावे. तिसरी, माणूस. प्रत्येक तालुक्यात निदान एक खिडकी अशी असावी की जिच्यामागे यंत्र नसेल, उत्तर देणारा माणूस असेल. यासाठी नवी महाविद्यालये बांधावी लागत नाहीत. जागा वाढवण्याचा लढा मोठा आहे आणि तो लढलाच पाहिजे. पण तोवर वाट पाहणाऱ्याला अंधारात उभे करू नये.

शेवटी, ज्या घरांत यंदा मूल वाट पाहत आहे त्यांच्याशी दोन शब्द. 2022 साली आपल्या देशात 13,044 विद्यार्थ्यांनी जीव दिला, त्यांत महाराष्ट्रातले सर्वांत जास्त होते, असे सरकारी नोंद सांगते. प्रत्येकाचे कारण वेगळे असेल, सारी कारणे प्रवेशाची नसतील. पण मूल जेवेनासे झाले, बोलेनासे झाले, तर "नाटके करतो" म्हणू नका. जवळ बसा. 14416 हा सरकारचा टेलिमानस दूरध्वनी 2022 पासून चालू आहे. तेथे मराठीत बोलता येते. तेथे फोन करण्यात कमीपणा नाही.

पंढरीच्या दर्शनबारीत माणसे तासन् तास उभी राहतात आणि तरी हसतमुख असतात. कारण त्यांना ठाऊक असते की बारी पुढे सरकते आहे आणि शेवटी कोणालाही परत पाठवत नाहीत. विद्येच्या बारीत मात्र पुष्कळांना परत पाठवले जाते. ती बारी तशी का आहे, हे आपण सरकारला विचारीत राहू. पण घरची बारी आपल्या हातात आहे. यादीत नाव लागो वा न लागो, या दारातून तुला कोणी परत पाठवणार नाही, हे आपल्या मुलाला यादी लागण्यापूर्वी सांगा. लागल्यावर सांगितले तर ते नुसते सांत्वन होते; आधी सांगितले तर तो आधार होतो. आणि माझ्या त्या कार्डासारखा तो शिळा होऊ देऊ नका. आज घरी गेल्यावरच सांगा.